मी उलटी लिहिलेली वाट

कल्याणजवळच्या मलंगगडाच्या रांगेत चढायच्या वाटांचे पुस्तक करावे, असे आमच्या साहेबाच्या मनात आले, तेव्हा मी ठाण्यात त्याच्या हाताखाली कारकून होतो. पुस्तक सुट्टीत डोंगर चढणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी. साहेब म्हणाला, वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत त्यांनाच विचारा. म्हणून पायथ्याच्या वाडीतले मध काढणारे दोन ठाकूर भाऊ बोलावले. ते सांगत, मी लिहून घेई. त्यांच्याबरोबर वर जायचा प्रश्नच नव्हता. मला देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागे.

मधासाठी हे लोक माथ्यावरून दोराने खाली उतरतात. त्यामुळे वाटही ते वरून खाली सांगत: उंबराचे खोड डाव्या हाताला, पाय ठेवायची खाच उजव्या हाताला. साहेबाला ती खालून वर हवी होती. मी गादीवर बसल्या बसल्या उलटवली. जाताना डावीकडे असलेले देऊळ येताना उजवीकडे लागते, एवढी अक्कल मला होती. म्हणून डाव्याचे उजवे केले, उजव्याचे डावे. भावांना वाचून दाखवावे असे मनात आलेही होते. पण त्यांना काय कळणार, म्हणून राहू दिले.

पुस्तक छापून आले. पुढच्या थंडीत साहेबाचा एक पाहुणा ते घेऊन कड्यावर गेला. वाटाड्या थोरला भाऊ. मध्यावर तो उजवीकडे वळायला लागला, तर पाहुण्याने पुस्तकावर बोट ठेवून डावीकडे जायला फर्मावले. तिकडे धरायला काही नाही हे दाखवायला तो बिचारा डावीकडे सरकला. तिकडे खरेच काही नव्हते. पाहुणा सुखरूप परतला.

आठवड्याने धाकटा कचेरीत आला. रडला नाही, भांडला नाही. मी लिहिलेले त्याने माझ्याकडूनच वाचून घेतले आणि म्हणाला, "रावसाहेब, चढताना काय नि उतरताना काय, तोंड कड्याकडंच असतं. हात बदलंल कसा?"

साहेबाला मराठी जेमतेम येई. हा काय म्हणतो, असे त्याने मला विचारले. खरे सांगितले असते तर नोकरी गेली असती, आणि घरात खाणारी सात तोंडे होती. ही सबब मी आजवर हजारदा स्वतःला दिली आहे; ती एकदाही पुरली नाही. मी साहेबाला इंग्रजीत सांगितले, "तो म्हणतो, भावाने वाट सांगतानाच चूक केली होती."

साहेब हळहळला. तशी एक दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायचा हुकूम त्याने तिथल्या तिथे दिला. साहेबाचा पडलेला चेहरा पाहून धाकट्याला वाटले, आपले म्हणणे पोचले. जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि भावाची बाजू मांडलीत म्हणून त्याने मला हात जोडले.