उंची कळावी म्हणून

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. मी बुलढाण्याला कचेरीत कारकून होतो आणि साहेबांनी विकायला काढलेला बॉक्स कॅमेरा माझ्या गळ्यात पडला होता. रविवार आला की एसटी पकडायची आणि जिल्हा पालथा घालायचा. लोणार झालं, शेगाव झालं. रोल बारा फोटोंचा, म्हणून माझा नियम कडक: माणसांवर रोल वाया घालवायचा नाही. माणसं काय, रोजच दिसतात! असा मी दीडशहाणा.

सिंदखेडराजाला वडील हट्टाने बरोबर आले. राजवाड्याच्या दरवाजासमोर मी मान वाकवून कॅमेऱ्यात बघत होतो, तर ते डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले, "माहाबी एक काढ ना बे."

"तुमचा काय, घरी कवाबी काढता येते," मी खेकसलो. "तिकडं जाऊन उभे राहा. दरवाजाकडं तोंड करा, म्हंजे त्याची उंची कळंल."

ते निमूट गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाने ते गेले. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरात माझ्या हातचे ढीगभर फोटो निघाले. देवळं, दरवाजे, बारवा. वडिलांचा एकच, नखाएवढा, पाठमोरा.

आईला घेऊन खामगावच्या स्टुडिओत गेलो. तिथला म्हातारा सांगाल तसा चेहरा रंगवून द्यायचा. "नाक कसं होतं?" त्याने विचारलं. आईने जन्मभर चारचौघांत नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ती गडबडली. तीळ कोणत्या गालावर, हे मलाही सांगता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी म्हातारा वैतागला. "पोरगं बापावरच जाते," म्हणत त्याने मलाच खुर्चीवर बसवून फोटो काढला आणि त्यावर पांढऱ्या मिशा, सुरकुत्या नि टोपी चढवली.

तेराव्याच्या सकाळी तो फोटो पाटावर मांडला. आई हार घेऊन पुढे आली आणि तिचे हात थांबले.

"हा तं तू हायेस," ती म्हणाली. "जित्या लेकराच्या तोंडाले हार कसा घालू?"

तिने हार परत ताटात ठेवला. वडिलांना तो मिळालाच नाही. सिंदखेडराजाचा फोटो मात्र माझ्याकडे अजून आहे. दरवाजाची उंची अगदी बरोबर कळते.