आठवा दगड

जिंतूरकडच्या आमच्या गावाबाहेरच्या जुन्या बारवेचा आता पार्क झाला आहे. खोटं कशाला बोलू, चांगला झाला आहे. गाळ निघाला, बाभळी निघाल्या, झरे मोकळे झाले. सभोवती हिरवळ, बाकडी आणि कचऱ्यासाठी तोंड वासून उभा असलेला पेंग्विन. या पेंग्विनाला आमच्या गावात कुणी बोलावलं, देव जाणे. गाव मात्र खूश आहे. संध्याकाळी बायका पाय मोकळे करायला येतात. पूर्वी दिवेलागणीला इकडे कुणी फिरकायचं नाही.

कारण बारवेत साती आसरा आहेत. पाण्यातल्या या सात बहिणी माणूस ओढून नेतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या थोरल्या बहिणीला त्यांनीच नेलं, असं माय मानते. ती पाण्याला गेली आणि कळशी तेवढी तरंगत राहिली. काठावरच्या लिंबाखाली आसरांचे सात शेंदरी दगड होते. मायनं त्यांच्या शेजारी आठवा मांडला, लेकीचा. त्यालाही शेंदूर लावला. दर अमावस्येला ती सातजणींना भीतभीत लांबूनच हात जोडायची आणि मग आठवीजवळ बसून तिला तेल लावायची, घरचं सगळं सांगायची. लेकीला तिनं कधी हात जोडले नाहीत.

पार्क झाल्यावर मी मायला घेऊन गेले. नव्या चौथऱ्यावर धुतलेले काळे दगड ओळीनं बसवले होते. सातच. मी पार्कच्या कामावरच्या मुकादमाला गाठलं.

“आसरा सातच असत्यात ना, ताई,” तो म्हणाला. “एक जास्तीचा निघाला. फरशीखाली भरावात टाकला.”

“कोणता?”

“आता कसं सांगू? शेंदूर खरवडल्यावर समदे सारखेच दिसायलेत.”

मी त्याला नको नको ते बोलले. त्याचं तसं काही चुकलं नव्हतं, तरी माझा राग अजून गेलेला नाही. त्या फरशीवर माझ्यानं पाय ठेववत नाही. खाली बहीण पालथी पडली असेल आणि वरून लोक चालत असतील. किंवा ती चौथऱ्यावर असेल आणि आसरांपैकीच एक खाली गाडली गेली असेल. ती काय गप्प बसणार आहे?

“चल माय, घरी जाऊ,” मी म्हटलं. ती हलली नाही.

“हात जोडावं तर लेकीलाच जोडल्यावानी व्हतंय,” ती म्हणाली. “न्हाई जोडावं तर त्या कोपत्यात.”

मग ती पुढं झाली, पहिल्या दगडावरून गालावरून फिरवावेत तसे दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून. ज्यांनी तिची लेक नेली, त्यांच्यावरूनही.