रत्नाताईचा चंबू

मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत औषधाला अडवत असेल, तर ते अतिसूक्ष्म कणांवर बसवून पलीकडे नेता येईल का? माझी थोरली बहीण रत्नाताई हिने हा प्रश्न नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. गेल्या महिन्यात ती वारल्याचा निरोप केडगावच्या पी.सी.ओ.वर आला, तेव्हा मला आधी तिचे उत्तर आठवले... शोक नंतर आला.

ताई नगरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवीत असे. आमचे आबा सुप्याच्या कारखान्यात फिटर होते; कंपवाताने त्यांच्या हातातला पाना सुटला. गोळीतले बरेचसे औषध मेंदूपर्यंत पोहोचतच नसे. ताईचा प्रश्न तिथून आला.

कण पुरेसे बारीक झाले, की द्रव दुधाळ राहत नाही. जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. प्रयोगशाळेतील मदतनीस गंगाराममामांना हे सांगायचे ती विसरली. कित्येक आठवड्यांनी साधलेला पहिला चंबू त्यांनी धुऊन पालथा घातला.

“म्याडम, निस्तं पानी हुतं.”

“मामा, ते पाणी नव्हतं हो!”

“मंग चिठ्ठी लावायची न्हाई व्हय?”

ताई हसली. चूक आपली, असे तिने वहीत नोंदवले. पुढच्या प्रत्येक चंबूवर चिठ्ठी असे: ‘हे पाणी नाही.’

मग काही उंदरांना तिने नुसता चकाकणारा रंग दिला, काहींना लेप दिलेल्या कणांवर बसवलेला. रक्तातला रंग फसवू नये म्हणून मेंदूतील रक्त धुऊन काढूनच त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कोणता काप कोणाचा, हे मामांनी चिठ्ठ्या झाकून तिच्यापासूनही लपवले. नुसत्या रंगाचे काप काळे राहिले. कणांचे हिरवे उजळले. तिने सारे पुन्हा केले. पुन्हा हिरवे!

आबांना रिक्षाने आणले. मान थरथरत असल्याने त्यांचा डोळा भिंगावर ठरेना. ताईने मागून दोन्ही तळव्यांत त्यांचे डोके धरले.

“दिसलं का, आबा?”

“हिरवं हाय... म्हंजी वाट हाय!”

“वाट आहे. औषध अजून न्यायचंय.”

“माज्या डोक्यात न्हाई, तर दुसऱ्याच्या जाईल. पोरी, पेढं आन!”

ते औषध आबांपर्यंत पोहोचले नाही; पण प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, आणि ते आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात कण असतात, हेही केवळ माझ्या शब्दावर मानू नये. एका पेल्यात साधे पाणी, दुसऱ्यात दुधाचा एकच थेंब ढवळलेले पाणी घ्यावे. खोली अंधारी करून दोन्हींत बाजूने बॅटरीचा झोत सोडावा, आणि फरक स्वतः तपासून पाहावा, ही विनंती.