बंद खोलीतून बाहेर गेलेलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील होते तेव्हा त्यांनाही नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो, त्यात खोटं न बोलण्याचं एक वचन आहे — तिथं आलो की माझा आवाज आपोआप खाली जातो. आणि गंमत म्हणजे मी खोटं बोललोच नव्हतो. चक्क खरं बोललो होतो. मग आवाज का खाली जातो? मला त्याचा अर्थ अजून नीट लावता आलेला नाही, तुम्हाला जमतंय का बघा.

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एचआरला आहे. एचआरला म्हणजे फार मोठा साहेब समजू नका — हजेरी, रजा, बसचे पास, कँटीनच्या डाळीत पाणी जास्त झाल्याच्या तक्रारी, असलं सगळं. आमच्याकडे गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनतात. कंपनी एका देशाची, माल घेणारे दुसऱ्या देशातले, आणि ती गाडी विकली जाते तिसऱ्याच देशात. मालक नक्की कोण, हे इतक्या वर्षांनंतरही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माझे वडील साखर कारखान्यात होते. त्यांचा चेअरमन तालुक्यातलाच, लग्नाकार्यात भेटणारा. पगार रखडला की युनियनची माणसं सरळ त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची, तो शिव्या द्यायचा, चहाही द्यायचा. आम्ही कुणाच्या ओट्यावर बसायचं? ईमेलच्या?

नमनालाच घडाभर तेल झालं. मुद्दा टाळतोय, हे माझं मलाही कळतंय.

आमच्या लाइनवर बहुतेक बायका. इंदापूर तालुक्यातल्या, कंपनीच्या बसने येणाऱ्या. कागदावर त्या आमच्या नव्हत्याच — ठेकेदाराच्या. सात-आठ महिने काम झालं की त्यांना ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे महिनाभर घरी बसवायचं, आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नव्याने भरती करायची. बाई तीच, टेबल तेच, ओळखपत्र नवं. असं केलं की कुणी कधी कायम होत नाही. वनिता अशी किती वेळा ‘नवीन’ झाली होती, ते तिलाच ठाऊक. ती कळस गावची, मीही कळसचा. तिच्या शेजारच्या टेबलावर शोभा, तीही कळसची, वनिताच्याच गल्लीतली. बसमध्ये दोघींचं एक सीट, डबाही एकत्रच उघडायचा.

मग माल घेणाऱ्या कंपनीकडून एक ऑडिटर बाई आल्या. कामगारांना कसं वागवता, हे तपासायला. त्यांच्या गिऱ्हाइकांना म्हणे हल्ली ते माहीत करून घ्यायचं असतं. बाई नियमाच्या पक्क्या. हजेरीपटावर बोट ठेवून स्वतः नावं निवडली, दोघी-दोघींना बंद खोलीत बोलवायचं ठरलं. आत कंपनीचं माणूस नको. दुभाषी पुण्याहून यायची होती, ती आजारी पडली. इंग्रजी येणारा आणि इथली बोली कळणारा मीच होतो. बाई नको म्हणाल्या — तू एचआरचा, तू कसा चालशील? निवडलेल्यांत वनिता-शोभाची जोडी होती, मी ते त्यांना सांगितलं. वनिता हसली. म्हणाली, “आवो, दादा हायती. घरचंच माणूस हाय, बसू द्या की.”

तिथंच चुकलं त्यांचं. पण कुणीही असंच म्हटलं असतं ना? गावचा माणूस म्हणजे आपला माणूस, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाईंनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली — इथलं बाहेर बोलणार नाही. मी केली. सही चांगली आहे माझी.

वनिता बोलली. सगळं बोलली. ब्रेकचं सांगितलं, ठेकेदार बदलतात ते सांगितलं, जुनी ओळखपत्रं घरून आणली होती ती टेबलावर मांडली. गरोदर बाईला ब्रेकवर धाडलं की परत बोलवत नाहीत, हेही. शोभा नुसती मान हलवत होती, भित्री आहे ती. आणि मी — हे मला आवर्जून सांगायचंय, का कोण जाणे — मी एक शब्दही गाळला नाही. जसं ती बोलली तसं इंग्रजीत मांडलं. उलट एका ठिकाणी बाईंना कळेना, तर मी दोनदा समजावलं. तेव्हा माझा ऊर भरून आला होता. वाटलं, वडिलांनी हे बघायला हवं होतं.

आणि त्याच दिवशी, शिफ्ट सुटल्यावर, आमच्या एचआर हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस. धमकी नाही, आवाज चढवला नाही, स्वतःच्या हातानं कॉफी पुढे केली. बाईंना बरंच कळलेलं दिसतंय, म्हणाले. कोण एवढं बोललं?

मी म्हणालो, वनिता.

एवढंच. आणि वर हेही म्हणालो, की हुशार आहे हो ती, कागदासकट आली होती. हे मी का म्हणालो? कौतुक म्हणून? तेव्हा कौतुकच वाटलं होतं, शप्पथ. पण पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं का? एचआरला आहे मी, यादीत कुणाच्या नावापुढे खूण झाली की काय होतं हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण मीठ कुणाचं खाल्लं होतं मी — हेडचं, त्या परदेशी कंपनीचं, की वनिता डब्यातून ठेचा काढून द्यायची तिचं? त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. खुर्ची मऊ होती आणि कधी नव्हे ते मला साहेबांनी बसायला सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारपासून वनिताला ब्रेक. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण तिची पाळी आलीच होती. मग महिन्याभराने परदेशातून मेल आली — हा ब्रेकचा प्रकार बंद करा, जुन्या बायकांना थेट कंपनीत घ्या, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल. जे वडिलांच्या युनियनला कधी मोर्चे काढूनही जमलं नसतं, ते एका मेलनं झालं. हे चांगलं की वाईट? मला खरंच कळत नाही. बायकांना कायमची पत्रं मिळाली. यादी मीच टाइप केली. त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्यांचीच नावं घ्यायची होती. वनिता पटावर नव्हती. तिचा ब्रेक अजून संपलेला नाही.

बायकांनी कँटीनमध्ये माझा सत्कार केला. दादांनी बाईंना सगळं पटवलं, असं त्यांचं म्हणणं. शाल, नारळ. मी नको-नको म्हणत घेतला, जसा सगळेच घेतात.

इथं थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण ठेकेदाराचा सुपरवायझर वनिताच्या नवऱ्याला बोलून गेला, लई बोलली ना तुझी बायको त्या गोऱ्या बाईपुढं. मग वनितानं हिशेब मांडला. खोलीत होतं कोण? बाई — त्या कशाला सांगतील. दादा — त्यांनी तर आपल्यासाठी एवढं केलं. राहिली शोभा. शोभाला तर पत्रही मिळालेलं. झालं. दोघींचं बोलणं तुटलं. गल्लीत शोभाला चुगलखोर म्हणू लागले, नळावर बायका तिचा नंबर आला की हंडे उचलून बाजूला व्हायच्या.

शोभा एकदा मला गेटबाहेर भेटली. रडत नव्हती, घाबरलेली होती. “दादा, तुमी हुता तितं. तुमीच सांगा तिला, म्या न्हाय बोलले.” मी म्हणालो, सांगतो. मला वाटतं तेव्हा मला खरंच सांगायचं होतं. दुसऱ्यांदा भेटली तेव्हा म्हणालो, बोलणं झालं नाही अजून. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. आता ती बसमध्ये मागच्या सीटवर एकटी बसते, मला बघून पदर सारखा करते आणि खिडकीकडे वळते. तिला कळलंय का? मला वाटतं कळलंय. आणि तरी ती कुणाला सांगत नाही — कोण ऐकणार तिचं?

या उन्हाळ्यात वनिताच्या मुलीचा साखरपुडा झाला. वनिता आता द्राक्षांच्या पॅकिंगला जाते, तोही माल परदेशीच जातो, पण काम हंगामापुरतं. मांडव गल्लीतच, शोभाच्या दारासमोर. सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, त्या एका घराला नव्हतं. तिचं दार लावलेलं होतं, आत टीव्हीचा आवाज येत होता, जरा जास्तच मोठा.

मला पहिल्या रांगेत बसवलं. टोपी, टॉवेल, नारळ — मानाचा आहेर. वनिताच्या नवऱ्यानं माइकवर सांगितलं, परदेशी बाईपुढं आपल्या बायकांची बाजू मांडणारा हा आपल्या गावचा माणूस. टाळ्या झाल्या. वनिता पुढे आली, म्हणाली, “दादा, दोन शब्द बोला की.” आणि माइक माझ्या हातात दिला.

स्पीकर शोभाच्या भिंतीला लावलेला होता. मी जे बोलेन ते तिला आत ऐकू जाणार होतं. टीव्हीचा आवाज बंद झाला.

मी दोन्ही परिवारांना शुभेच्छा दिल्या आणि माइक परत केला.