कापणी आमच्याच टोळीने

चोपड्याजवळ आमची केळीची बाग आहे. आमच्या बाजूला माल उचलणारा व्यापारी एकच. त्याने बागेत उभं राहून सौदा केला आणि दोन अटी घातल्या. घड हिरवा असेल तरच ठरलेला भाव, आणि कापणी त्याच्याच टोळीने. दुसऱ्याच्या हातून फळाला डाग पडतात म्हणे. वडिलांनी मान डोलावली. इकडे सौदे तोंडीच होतात.

मग बाजार पडला आणि टोळी काही येईना. वडील व्यापाऱ्याला फोन करायचे. तो म्हणायचा, "आबा, उद्या नक्की." उद्या गाडी नसायची, परवा माणसं गावाला गेलेली. घड झाडावरच पिवळा पडला की अट मोडली, सौदाही गेला. व्यापारी त्याचीच वाट बघत होता. मी वडिलांना सांगितलं, जो अट पूर्ण होऊ देत नाही त्याला तिचा फायदा घेता येत नाही, करार कायदाच आहे तसा. यावर मी शेतकऱ्यांसाठी पत्रक काढून गावोगाव वाटलं होतं.

"केळीसले वाची दखाड तुनं पत्रक," वडील म्हणाले.

शेवटी भावकीतली माणसं लावून त्यांनी स्वतःच घड उतरवले, पानांत गुंडाळले आणि ट्रॅक्टरने व्यापाऱ्याच्या वखारीवर नेले.

"बठ्ठा हिरवा शे, भाऊ. देखी ल्या."

त्याने घडावरून हात फिरवला. "हिरवा आहेच. एक डाग नाही. पण आबा, कापला कोणी?"

"तुमनी टोळी उनीच नही."

"मग थांबायचं. अट काय होती?"

मी मध्ये पडले. टोळी पाठवायची नाही आणि वर टोळीचीच अट सांगायची? कोर्टात हे टिकणार नाही.

"जा ना ताई. निकाल लागेपर्यंत केळी कोर्टात ठेवून घेतील का, तेवढं विचारून या."

हमाल खो खो हसले. कापलेला घड किती थांबतो हे त्यांना ठाऊक होतं, वडिलांनाही.

"आपलीच माणसं तुम्ही. वेफर्सच्या भावात घेतो," व्यापारी म्हणाला. वेफर्सला डागी, सुटा माल जातो. वडील हो म्हणाले.

ट्रॅक्टर वळत होता तेव्हा हमालांनी आमचे घड उचलून दिल्लीच्या गाडीत, पहिल्या प्रतीच्या मालावर रचायला घेतले. मी उडी मारणार तोच वडिलांनी मनगट धरलं.

"तिकडे देखू नको. पुढला साले बी बाग त्यालेच देनी शे."