साखर पाजणाऱ्या बाई

बाईंबद्दल सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. कोणी विषय काढला, की "फार चांगल्या होत्या" एवढं म्हणून उठून जायचो. गेल्या महिन्यात त्या वारल्याचं कळलं. आता मीही गप्प राहिलो, तर खरं काय झालं ते सांगणारं कोणी उरणार नाही.

रानशेतच्या बाजूला आमच्या उपकेंद्रात त्या नर्स म्हणून आल्या, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं ते त्यांचं बसणं. गरोदर बाईला ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तासांनी बोटातलं रक्त तपासायचं, अशी साखरेची तपासणी. पण दोन तास कोण थांबणार? कोणाची लाकडं राहिलेली, कोणाची चिकूच्या वाडीवरची मजुरी. म्हणून बाई स्वतःच त्यांच्यात ओट्यावर फतकल मारून बसायच्या. एकीची वेणी घालायच्या, दुसरीचं उसवलेलं पोलकं शिवायच्या. "उठलीस तर अर्धीच वेणी घेऊन जाशील हां!" असा दम द्यायच्या, आणि ओटाभर हसू उसळायचं.

ते हसू मला रस्त्यापलीकडे ऐकू यायचं. मी तीस वर्षं एका खाजगी डॉक्टरांचा कंपाउंडर. डॉक्टर शहरात निघून गेले आणि लोक मलाच डॉक्टर म्हणू लागले. मीही कधी नाही म्हटलं नाही. ताप असो, बाळंतपण असो, आधी मला विचारलं जायचं. बाई नव्या होत्या तेव्हा पाड्यांच्या वाटा त्यांना मीच दाखवल्या. माझी वट त्यांना दिसावी म्हणून. सहा महिन्यांत माझं बाकडं ओस पडलं. मी खिडकीत बसून त्यांच्या दारातल्या चपला मोजू लागलो.

बाई घाटावरच्या. तरी इथलं खाणंपिणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं. "चिकू सोड म्हणत नाही गं. पण तोडता तोडता तोंडात टाकतेस, ते बंद. अर्धाच खा, आणि भातावर नको." भात कमी करून नागलीची भाकर, डाळ, सुका जवळा, असं घरात असेल त्यातूनच जमवून द्यायच्या. इन्सुलिन ठेवायला पाड्यात फ्रीज कुठला? कुपी पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या मडक्यात ठेवायला त्यांनी शिकवलं. तीस वर्षांत मला असलं काही सुचलं नव्हतं.

"आता औषध मडक्यातनं येणार वाटतं!" मी टोमणा मारला.

"येऊ दे की काका, गार तरी येईल," त्या म्हणाल्या. त्या चिडत नसत, तेच मला जास्त झोंबायचं.

पाड्यावरच्या सुनंदाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तिला साखर निघाली. नुसत्या खाण्यानं आवरेना, म्हणून डहाणूच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. बाईंनी तिला स्वतःचं स्वतः टोचायला शिकवलं आणि साखर ताब्यात आली. एके दिवशी तिची सासू माझ्या दारात आली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी आलं होतं.

"डॉक्टर, पोरीला खरंच साखर हाय का? बाय रोज टोचाय सांगते."

मी म्हणालो, "अगो मावशी, आधी साखर पाजायची आणि मग साखर निघाली म्हणायचं! तुला पाजली तर तुझीही निघेल."

मावशी खो खो हसली. माझ्या दारात ते हसू ऐकून मला केवढं बरं वाटलं! निरोगी अंग ती साखर दोन तासांत जिरवतं आणि तपासणी तेवढंच बघते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आठवड्याभरात ते वाक्य पाड्यापाड्यांवर पोचलं. बाया ग्लुकोजचं पाणी तोंडात धरायच्या आणि मागे जाऊन थुंकायच्या. सुनंदाची सुई बंद झाली. बाई रोज चालत तिच्या घरी जायच्या. सासू दारातूनच विचारायची, "आल्या का साखर पाजायला?" मी खुशीत होतो.

तिची साखर पुन्हा चढली, आणि त्या साखरेवर शेवटच्या दोन महिन्यांत बाळ फार वाढलं. बाळंतपणात त्याचा खांदा अडकला. मायलेकी दोघी वाचल्या, पण मुलीच्या डाव्या हाताची शीर दुखावली. आता ती शाळेत जाते. हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

लोक म्हणाले, सुयांनीच हात गेला. उपकेंद्रासमोर माणसं जमली. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिला समजावण्यात मी कमी पडले. चूक माझी." त्या गर्दीत मी मागे उभा होतो. मान खाली घालून घरी आलो. पुढे त्यांची तलासरीकडे बदली झाली.

दोन वर्षांपूर्वी मी हायवेची बस धरून तलासरीला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मला पाहताच त्या लगबगीनं पुढे आल्या. समोरच्या बायांना म्हणाल्या, "हे आमचे डॉक्टर काका. मला कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा यांनी पाडे दाखवले." मग चहा मागवला. सुनंदाच्या मुलीची चौकशी केली, नावानिशी.

मी चहा प्यालो. "सहजच आलो होतो," म्हणालो आणि परतीची बस धरली.

बाई, सुनंदाच्या सासूला ते मीच सांगितलं होतं. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं. चूक तुमची नव्हती. मला माफ करा.