नोना कोण?

मीरा, मी ऑस्ट्रेलियात तुमच्याकडे फ्रीमँटलला आले होते तेव्हा आपण इटालियन जत्रेला गेलो आणि गर्दीत तू माझा हात सोडून दिसेनाशी झालीस. सापडलीस ती एका रेस्टॉरंटच्या दारात. पिठाने माखलेला एप्रन बांधलेल्या एका म्हातारीने तुझं मनगट घट्ट धरलं होतं.

"नोना?" तिने मला विचारलं.

मला वाटलं, ती कुणा नोनाला शोधते आहे. "नो, नो," मी म्हणाले.

तिने तुला झटकन आपल्या मागे ओढलं. तिची नजर माझ्यावरून हलेना.

"दॅट्स माय आजी! माय ग्रँडमदर!" तू ओरडलीस.

म्हातारी खुदकन हसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "अगं, आमच्या इटालियनमध्ये नोना म्हणजे आजीच! चोर असतीस तर पटकन 'येस' म्हणाली असतीस."

तरीही तुझं मनगट तिने माझ्या हातात दिलं, तेव्हाच सोडलं.